सुषिर वाद्यांची पत्ती : मुरणे, कमावणे आणि रुळणे

१. विषयप्रवेश

भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग सांगितले आहेत. त्यांपैकी सुषिर, म्हणजे फुंकून वाजवावयाच्या वाद्यांचा एक पोटवर्ग असा आहे की, त्यात ध्वनीची उत्पत्ती एखाद्या वनस्पतीपासून काढलेल्या पातळ पात्याच्या कंपनामुळे होते. सनई, सुंदरी, नागस्वरम् आणि पाश्चात्त्य ओबो ही वाद्ये या पोटवर्गात येतात. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांचाही समावेश त्यातच होतो. या पात्यास वादक सामान्यतः 'पत्ती' म्हणतात. वाद्यांविषयीच्या मराठी लेखनात 'जिव्हाळी' असाही शब्द योजिलेला आढळतो.

या पत्तीचा एक गुणविशेष प्रथमदर्शनी विपरीत वाटतो. बहुतेक उपकरणे नवी असताना उत्तम काम देतात आणि वापराने झिजत जातात. पत्तीचे तसे नाही. नवी पत्ती वाद्यास लावून लगेच तासभर वाजविली, तर ती बहुधा प्रथम कडक, मग अकस्मात नरम आणि शेवटी निकामी होते. तीच पत्ती काही दिवस थोडी थोडी वाजविली, प्रत्येक वेळी नीट वाळविली आणि मध्ये विश्रांती दिली, तर तिचा स्वर सुधारत जातो, काही काळ स्थिर राहतो आणि त्यानंतरच ती थकू लागते. आरंभीच्या या संस्काराचे स्वरूप काय आहे, त्याची कारणे कोणती आहेत आणि मराठीत त्यास काय म्हणावे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तिसरा प्रश्न शेवटी येत असला, तरी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळशी त्यावरच अवलंबून आहेत, असे दिसून येईल.

धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात हा विषय केवळ पुस्तकी नाही. तुळजापूरच्या भवानीचे आणि येरमाळ्याच्या येडेश्वरीचे स्थान असलेल्या या जिल्ह्यात देवकार्य, जत्रा आणि लग्नसराई यांच्या निमित्ताने वाजंत्रीची परंपरा टिकून राहिली. एका बाजूस सनई व हलगी यांचा ताफा आणि दुसऱ्या बाजूस क्लॅरिनेट, ट्रंपेट व क्वचित सॅक्सोफोन असलेला बँड, असे दोन्ही प्रकार महाराष्ट्राच्या या भागातील वरातींतून वाजत आले आहेत. सनईची पत्ती आणि सॅक्सोफोनची पत्ती या घडणीने भिन्न असल्या, तरी त्यांना रुळविण्यामागील तत्त्व एकच आहे. म्हणून दोहोंचा विचार एकत्र करणे उपयुक्त ठरते.

२. पत्तीचे दोन प्रकार आणि तिची नावे

सॅक्सोफोन हे वाद्य बेल्जियन वाद्यकार आदोल्फ साक्स याने तयार केले आणि १८४६ साली पॅरिस येथे त्याचे एकस्व मिळविले. याची पत्ती एकेरी असते. मुखनलिकेच्या सपाट बाजूवर ती आवळपट्टीने घट्ट बसवितात. तिचे टोक आणि मुखनलिकेचे टोक यांत मध्यम आकाराच्या वाद्यात साधारण दीड ते दोन मिलिमीटर एवढी फट राहते. फुंकर घातली की पत्तीचे टोक या फटीशी उघडझाप करू लागते, आणि नळीतील हवेचा स्तंभ त्या उघडझापीचा वेग ठरवितो. ४४० कंपनसंख्येचा स्वर एक मिनिट धरला, तर पत्ती २६,४०० वेळा हलते. दहा मिनिटांत ही संख्या २,६४,००० होते. ज्या पात्याच्या टोकाची जाडी सुमारे एक दशांश मिलिमीटर आहे, त्याने हे काम ओल्या अवस्थेत करावयाचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे आरंभीच्या काळजीचे महत्त्व उघड होते.

सनईची पत्ती दुहेरी असते. ताडाच्या पानाचा किंवा नळजातीच्या गवताचा तुकडा दुमडून, तासून, धातूच्या बारीक नळीवर दोऱ्याने आवळून ती बनवितात. येथे मुखनलिका नाही. दोन ओठांसारखी दोन पाती परस्परांवरच उघडझाप करतात आणि पत्तीचा बहुतेक भाग वादकाच्या तोंडात ओला राहतो. उत्तर हिंदुस्थानात या कामी 'नरकट' हे गवत वापरतात. बिस्मिल्ला खाँ यांचे जन्मगाव डुमराव. त्या परिसरात शोण नदीच्या काठी ते मिळते. दक्षिणेत नागस्वरम्‌च्या पत्तीस 'सीवाळि' म्हणतात आणि ती कावेरीकाठच्या गवतापासून तयार होते. सोलापूर-अक्कलकोट भागात सिद्राम जाधव यांच्या घराण्याने प्रसिद्धीस आणलेली सुंदरी ही सनईहून आखूड असून तिचीही पत्ती दुहेरीच आहे. सॅक्सोफोन व क्लॅरिनेट यांची पत्ती मात्र 'अरुंडो डोनॅक्स' या शास्त्रीय नावाच्या उंच गवताच्या दांड्यापासून काढतात. दक्षिण फ्रान्समधील वार हा प्रांत या पिकासाठी दीर्घकाळ प्रसिद्ध आहे.

नामकरणाच्या दृष्टीने येथे एक लक्षणीय भेद दिसतो. इंग्रजीने पत्तीस ती ज्या वनस्पतीपासून होते तिचेच नाव दिले. मराठी 'जिव्हाळी' शब्दात मात्र आकार व कार्य यांकडे लक्ष आहे. ती वाद्याची जीभ होय. प्राचीन ग्रीकांचीही दृष्टी अशीच होती. त्यांच्या औलोस या वाद्याच्या पत्तीस ते 'ग्लोट्टा', म्हणजे जीभ, म्हणत. मनुष्याच्या कंठातील स्वरतंतूंमधील फटीस 'ग्लॉटिस' हे नाव ग्रीक वैद्यकाने दिले ते या पत्तीशी असलेल्या साम्यावरून. गॅलेनने ते साम्य स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. ध्वनिविचाराचा अभ्यासक जो शब्द रोज वापरतो, तो अशा रीतीने वाजंत्र्याच्या पेटीतून आलेला आहे.

मराठीत वनस्पतीचे नाव अगदीच लोपले आहे असेही नाही. 'सनई' हा शब्द फारसीतून आला, आणि त्याच्या शेवटी असलेला 'नाय' हा घटक मूळ नळ या वनस्पतीचा वाचक आहे. म्हणजे वाद्याच्या नावात गवत आणि पत्तीच्या नावात जीभ, अशी वाटणी मराठीने केली. तमिळ 'सीवाळि' आणि मराठी 'जिव्हाळी' यांतील ध्वनिसाम्य चटकन नजरेत भरते. परंतु केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी करता येत नाही, आणि येथे तसा आग्रहही नाही.

३. पेशीरचना आणि पाणी

पत्ती रुळते म्हणजे नेमके काय होते, हे समजण्यासाठी तिची अंतर्रचना पाहिली पाहिजे. गवताच्या दांड्यात लांबीच्या दिशेने धावणारे कठीण तंतूंचे जुडगे असतात आणि त्यांच्यामधील जागा मऊ पेशींनी भरलेली असते. बाहेरची साल दाट व सिकतायुक्त असून ती पाणी सहजासहजी आत घेत नाही. तासलेल्या पत्तीत म्हणूनच तीन निरनिराळ्या स्वभावांचे भाग शेजारी शेजारी नांदतात: पाणी झपाट्याने शोषणाऱ्या मऊ पेशी, सावकाश शोषणारे तंतू आणि जवळजवळ न शोषणारी साल.

पाणी शोषले की पेशिभित्ती फुगते. हे फुगणे सर्व दिशांनी सारखे नसते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते नगण्य आणि रुंदीच्या दिशेने बरेच अधिक असते. टोकाजवळ, जेथे साल पूर्णपणे तासलेली आहे, तेथे पाणी लवकर शिरते; बुडाशी, जेथे साल शिल्लक आहे, तेथे उशिरा. परिणामी नवी पत्ती प्रथम भिजली म्हणजे तिच्या टोकावर लाटा उमटतात आणि तिची सपाट बाजू किंचित वाकते. सपाट बाजू वाकली की मुखनलिकेशी तिचा मिलाफ बिघडतो, हवा बाजूने निसटते आणि वादकास दोष पत्तीच्या कडकपणात आहे असे वाटते. वास्तविक दोष तिच्या असमान भिजण्यात असतो.

दुसरी गोष्ट अशी की, पाण्यामुळे पेशिभित्तीची ताठरता कमी होते. ओल्या अवस्थेत अतिशय जोराने वाकविलेला तंतू पूर्ववत होत नाही; त्यात कायमचा बाक राहतो. नव्या पत्तीवर पहिल्याच दिवशी दीर्घकाळ उच्च स्वर वाजविले, तर टोकाजवळचे तंतू अशा रीतीने थकतात आणि त्यांना पुन्हा उभारी देता येत नाही. याउलट, थोडा वेळ भिजवून, मध्यम स्वरात वाजवून, सपाट पृष्ठावर वाळविण्याचे चक्र काही वेळा घडले, म्हणजे तासताना व प्रथम वाळताना पत्तीत राहिलेले ताण हळूहळू मोकळे होतात. पेशींतील शर्करेसारखे विरघळणारे पदार्थ थोडे थोडे निघून जातात. पत्तीचे प्रत्येक वेळचे फुगणे आधीच्या वेळेसारखेच होऊ लागते. अशा पत्तीस रुळलेली पत्ती म्हणावयाचे. ती नरम झालेली असते असे नव्हे. तिचे वर्तन पूर्वानुमेय झालेले असते. वादकास हवे असते ते हेच.

४. रुळविण्याचा क्रम

सॅक्सोफोनच्या नव्या पत्तीच्या बाबतीत अनुभवी वादक व शिक्षक जो क्रम सांगतात, त्यात तपशिलाचे मतभेद असले तरी मुख्य टप्पे समान आहेत.

पहिल्या दिवशी पत्ती स्वच्छ, किंचित कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवतात. लाळेपेक्षा पाणी बरे, असे पुष्कळांचे मत आहे. कारण लाळेत प्रथिने, क्षार आणि पिष्ट विघटित करणारे द्रव्य असते, आणि ते वाळल्यावर छिद्रांत साका उरतो. नंतर पत्ती काचेवर सपाट ठेवून अंगठ्याने बुडाकडून टोकाकडे हलक्या हाताने अनेकदा दाबतात. यामुळे पृष्ठभागावरील उघडी छिद्रे काही अंशी मिटतात. मग ती वाद्यास लावून तीन ते पाच मिनिटेच, मध्य सप्तकात आणि मध्यम जोराने वाजवितात. अतिउच्च स्वर, आघात आणि जोरकस फुंकर यांना या दिवशी स्थान नाही.

वाजवून झाल्यावर पत्ती पाण्याने धुऊन, पुसून, काचेवर सपाट ठेवून वाळवितात. वाद्यावरच ती राहू दिली तर एक बाजू कोंडून आणि दुसरी उघडी असल्याने वाळणे असमान होते. दुसऱ्या दिवशी हाच क्रम सात-आठ मिनिटे, तिसऱ्या दिवशी दहा-बारा मिनिटे, असे वाढवीत आठवड्याच्या आत ती नेहमीच्या कामास लावतात. या अवधीत सपाट बाजू डळमळते असे दिसले, तर अतिशय बारीक पॉलिश-कागदावर ती दोन-चार वेळा घासून समतल करतात. हे मात्र पहिल्याच दिवशी करू नये. कारण तेव्हाचा बाक क्षणिक आहे की कायमचा, हे अजून कळलेले नसते.

एकच पत्ती रुळवून तिच्यावर विसंबण्याऐवजी चार ते सहा पत्त्या एकाच वेळी क्रमाने वापराव्यात, असा सर्वसाधारण नियम आहे. प्रत्येक पत्तीस एक-दोन दिवसांची विश्रांती मिळते आणि ऐन कार्यक्रमात एखादी फुटली तर तिच्या जागी परकी पत्ती येत नाही.

सनईच्या बाबतीत हाच नियम निराळ्या रूपात दिसतो. सनईला दोऱ्याने बांधून लोंबत ठेवलेल्या दोन-तीन जादा पत्त्या आणि पाती उघडण्यासाठी ठेवलेली सुई ही शोभेची वस्तू नाही. वाजविण्यापूर्वी वादक पत्ती काही वेळ तोंडात धरतो, दोन्ही पात्यांमधील फट सुईने किंवा ओठांनी जुळवून घेतो आणि मगच ती नळीवर चढवितो. पत्ती दुहेरी असल्याने येथे आणखी एक अट येते: दोन्ही पात्यांनी सारखेच भिजले पाहिजे व सारखेच वाकले पाहिजे. एक पाते दुसऱ्याच्या पुढे गेले की स्वर फाटतो.

सनईच्या जोडीने जो केवळ आधारस्वर धरून ठेवतो, त्याची फुंकर गालात साठविलेल्या हवेच्या आधाराने अखंड चालू राहते. मुख्य सनईची पत्ती विरामात क्षणभर सुकते. आधारस्वराच्या सनईच्या पत्तीस ती सवड नाही. दोन वादकांना एकाच जातीची पत्ती सारखीच मानवत नाही, याचे एक कारण येथे असावे.

५. बालाघाटाचे हवामान

पत्तीच्या रुळण्यावर हवेतील आर्द्रतेचा परिणाम फार मोठा असतो. धाराशिव जिल्ह्याचा बराच भाग बालाघाटाच्या पठारावर आणि पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आहे. चैत्रापासून ज्येष्ठाच्या आरंभापर्यंत येथील दुपारची हवा अतिशय कोरडी असते आणि पारा ४० अंशांच्या आसपास जातो. लग्नसराई नेमकी याच दिवसांत येते. येरमाळ्याची मोठी यात्राही चैत्री पौर्णिमेस भरते. म्हणजे पत्तीस सर्वांत अधिक काम ज्या काळात असते, त्याच काळात ती सर्वांत वेगाने वाळते. दोन गीतांमधील दहा मिनिटांच्या अवकाशातही तिचे टोक कोरडे पडून वेडेवाकडे होते. पुढे आषाढ-श्रावणात हवा दमट झाली म्हणजे तीच पत्ती जड व मंद वाटू लागते, आणि आश्विनात, तुळजापूरच्या शारदीय नवरात्राच्या सुमारास, हवा पुन्हा कोरडी होण्याच्या मार्गावर असते.

यावरून असे निष्पन्न होते की, दमट हवेत रुळविलेली पत्ती कोरड्या हवेत पुन्हा काही अंशी रुळवावी लागते. दक्षिण फ्रान्समध्ये तयार होऊन पेटीत बंद झालेली पत्ती वैशाखात धाराशिवमध्ये उघडली, तर तिला प्रथम येथील हवेत दोन-तीन दिवस नुसती राहू देणे आणि मगच भिजविणे श्रेयस्कर. वापरातील पत्ती झाकणाच्या डबीत, हवा मध्यम आर्द्र राहील अशा रीतीने ठेवली, तर दिवसाच्या उन्हाचे व रात्रीच्या गारव्याचे धक्के तिला बसत नाहीत. डबी पूर्ण हवाबंद व आतून ओली असणे मात्र वाईट; तेथे बुरशी धरते.

ताफ्यातील दोन वाद्यांची तुलना येथे उद्बोधक होईल. हलगी वाजविण्यापूर्वी तिचे कातडे जाळावर धरून शेकतात. ओल निघून गेल्याशिवाय ते ताणले जात नाही आणि बोल उमटत नाही. त्याच वेळी शेजारी उभा असलेला सनईवाला आपली पत्ती ओली करीत असतो. एकास अग्नी लागतो आणि दुसऱ्यास पाणी. दोघांचाही उद्देश मात्र एकच असतो: प्राणिज वा वनस्पतिज द्रव्यातील पाण्याचे प्रमाण हव्या त्या मर्यादेवर आणणे. ओलाव्याचे हे गणित वाजंत्र्यांनी पदार्थविज्ञानाच्या साहाय्याशिवाय, पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाने साधलेले आहे.

६. थिओफ्रास्टसची साक्ष

पत्ती रुळविण्याविषयीचे जे प्राचीन लेखन उपलब्ध आहे, त्यात ख्रिस्तपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकांतील ग्रीक पंडित थिओफ्रास्टस याचे विवेचन विशेष महत्त्वाचे आहे. ॲरिस्टॉटलचा हा शिष्य वनस्पतींवरील आपल्या ग्रंथाच्या चौथ्या भागात बिओशियातील कोपाइस सरोवराच्या काठी वाढणाऱ्या नळांची माहिती देतो. नळ कापल्यावर हिवाळाभर सोलल्याविना उघड्यावर ठेवावयाचा, वसंतात स्वच्छ करून व घासून उन्हात टाकावयाचा, उन्हाळ्यात पेरापेरांनी तोडून पुन्हा काही काळ उघड्यावर ठेवावयाचा, असा क्रम त्याने नोंदविला आहे. औलोसच्या पत्तीची दोन्ही पाती एकाच पेराची असली तरच ती एकमेकांशी जुळतात, हेही तो आवर्जून सांगतो. सनईच्या दोन पात्यांविषयी वर जी अट सांगितली, तिच्याशी हे निरीक्षण सुसंगत आहे.

तथापि त्याच्या लेखनातील सर्वांत मोलाचा भाग निराळाच आहे. अँटिजेनिडस या वादकाच्या काळापर्यंत औलोस साध्या पद्धतीने वाजवीत. तेव्हा नळ शरदाच्या आरंभी कापीत असत. असा नळ कित्येक वर्षांनी उपयोगात येई आणि त्याच्या पत्तीस प्रत्यक्ष कामाआधी पुष्कळ वाजवून घ्यावे लागे. पुढे अलंकृत, लवचिक वादनाची पद्धत आली. तेव्हा कापणीची वेळ बदलून ती उन्हाळ्याच्या मध्यास, दक्षिणायनाच्या सुमारास आणण्यात आली. हा नळ तीन वर्षांत तयार होई आणि त्याच्या पत्तीस आधी वाजविण्याचे श्रम थोडेच पडत.

या नोंदीतून दोन सिद्धांत हाती येतात. पहिला असा की, पत्तीची तयारी एका क्षणी होत नाही. कापणीची वेळ, साठवणीचा काळ आणि आरंभीचे वादन या तीन टप्प्यांत ती विभागलेली असते, आणि एका टप्प्यात बदल केला की दुसऱ्यातील श्रम कमीअधिक होतात. दुसरा असा की, कोणती पत्ती 'तयार' म्हणावी, हे वादनशैली ठरविते. आधुनिक काळात याचे उदाहरण कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांच्या रूपाने दाखविता येईल. नागस्वरम् वाजविणाऱ्या पित्याच्या या पुत्राने सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजविले. गमकप्रधान संगीतात स्वर एका जागी उभा राहत नाही, तो सतत झुकत असतो, आणि असे झुकणे पत्तीवरील ओठाच्या सूक्ष्म दाबाशी निगडित आहे. लष्करी बँडात भरघोस व स्थिर स्वरासाठी जी पत्ती चांगली, तीच गमकासाठी चांगली असेल असे नाही.

ग्रीक वादक पत्त्या ठेवण्यासाठी लहान पेटी बाळगीत. तिच्या नावाचा अर्थ 'जिभा जपणारी' असा होता. पुढे हाच शब्द कोणत्याही लहान पेटीस लावला जाऊ लागला, आणि ख्रिस्ती नव्या करारातील योहानाच्या शुभवर्तमानात ज्यूडासजवळील पैशाच्या पेटीसाठी तोच आलेला आहे. पत्ती जपण्याची गरज एवढी सार्वत्रिक होती की, तिच्या पेटीचे नाव व्यवहाराच्या भाषेत शिरले.

७. परिभाषेचा प्रश्न

आता शेवटच्या प्रश्नाकडे वळावयाचे. इंग्रजीत या संस्कारास जो मुख्य वाक्प्रयोग आहे, तो घोडा वश करण्यासाठीही वापरतात आणि त्याच्या मुळाशी 'मोडणे' ही क्रिया आहे. त्याचा शब्दशः अनुवाद मराठीत करणे अनर्थकारक होईल. मराठीत मोडलेली पत्ती म्हणजे टाकून दिलेली पत्ती. शिवाय त्या रूपकातून असे सूचित होते की, पत्ती हटवादी असून तिचा कडकपणा बळाने घालवावयाचा आहे. वरील विवेचनावरून ही कल्पना चुकीची ठरते. नवशिका विद्यार्थी पहिल्या दिवशी जोराने वाजवून पत्तीचा नाश करतो, त्यास अंशतः हे रूपक कारणीभूत असावे.

मराठीत या अर्थक्षेत्रात तीन क्रियापदे तयार आहेत आणि त्यांचे अर्थ एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळे आहेत. पहिले 'मुरणे'. लोणचे मुरते, पाणी जमिनीत मुरते. येथे कर्ता स्वस्थ असतो आणि कार्य काळ करतो. दुसरे 'कमावणे'. चामडे कमावतात, शरीर कमावतात. येथे कार्य मनुष्याच्या हाताचे व कौशल्याचे आहे. तिसरे 'रुळणे'. बैल औताला रुळतो, सून सासरी रुळते, नवा शब्द भाषेत रुळतो. येथे कार्य सहवासाने व वापराने होते.

व्याकरणाच्या दृष्टीनेही हा भेद दृढ आहे. 'मुरणे' व 'रुळणे' ही अकर्मक असून त्यांपासून 'मुरविणे' व 'रुळविणे' ही प्रयोजक रूपे सिद्ध होतात. मनुष्य येथे केवळ घडवून आणणारा आहे, घडणे वस्तूच्या ठायी होते. 'कमावणे' मात्र या अर्थी मूळचेच सकर्मक असून त्यास अकर्मक जोडीदार नाही. कातडे आपोआप कमावत नाही. 'मुरणे' आणि 'रुळणे' यांतही एक अंतर आहे. मुरणाऱ्या वस्तूस दुसऱ्या कोणाशी जुळवून घ्यावयाचे नसते. रुळणाऱ्यास मात्र कशाला तरी, कोठे तरी रुळावे लागते. 'बैल रुळला' असे म्हटले तरी 'औताला' हे पद अध्याहृत असतेच.

हा व्याकरणभेद पत्तीच्या तयारीस तंतोतंत लागू पडतो. कापलेला नळ वर्ष-दोन वर्षे ठेवतात, तेव्हा तो मुरत असतो. कारागीर तो तासतो, दुमडतो, आवळतो, समतल करतो, तेव्हा तो पत्ती कमावीत असतो. वादक ती थोडी थोडी वाजवितो, तेव्हा ती रुळत असते, आणि ती रुळते ती एका विशिष्ट तोंडाला, एका विशिष्ट वाद्याला आणि एका विशिष्ट हवेला. एकाची रुळलेली पत्ती दुसऱ्यास क्वचितच मानवते, याचे स्पष्टीकरण क्रियापदाच्या अपेक्षेतच सामावलेले आहे. थिओफ्रास्टसने वर्णिलेला बदलही या परिभाषेत थोडक्यात मांडता येतो: कापणीची वेळ बदलल्याने मुरण्याचा काळ आणि रुळविण्याचे श्रम, दोन्ही कमी झाले. एकच व्यापक शब्द वापरला असता ही वाटणी दिसली नसती.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. ही तीन क्रियापदे सामान्य मराठीतील आहेत. ती सनईवाल्यांच्या व्यवसायभाषेतील पारिभाषिक संज्ञा म्हणून येथे पुढे केलेली नाहीत. व्यवसायभाषा स्वतंत्रपणे गोळा करावी लागेल.

८. समारोप

ते काम निकडीचे आहे. महाराष्ट्रात सनई-वादन मातंग, होलार, घडशी, गुरव इत्यादी समाजांकडे परंपरेने राहिले. ज्या वस्तूस लाळेचा स्पर्श होतो ती उष्टी, ही रूढी सुषिर वाद्यांच्या आणि त्यांच्या वादकांच्या वाट्यास आली. या वाद्यांविषयीचे सूक्ष्म ज्ञान ग्रंथांत फारसे उतरले नाही, त्यास हेही एक कारण असणे संभवते. वास्तविक पत्तीचे सारे शास्त्र ओलाव्याचे शास्त्र आहे, आणि ज्या स्पर्शामुळे वादक दूर ठेवला गेला, त्या स्पर्शावाचून मंगलकार्याचा पहिला स्वर निघत नव्हता.

आज परिस्थिती दोन्ही बाजूंनी बदलत आहे. क्लॅरिनेट व सॅक्सोफोन यांसाठी कृत्रिम द्रव्याच्या पत्त्या मिळू लागल्या आहेत. त्या भिजत नाहीत, वाळत नाहीत आणि त्यांना रुळविण्याचा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही. उन्हाळ्यातील वरातीत उभ्या राहणाऱ्या वादकाने ही सोय स्वीकारली तर त्यास दोष देता येणार नाही. दुसरीकडे लग्नातील सनईची जागा ध्वनिमुद्रणाने व ध्वनिवर्धकाने बरीचशी घेतली आहे. वस्तू गेली की तिची काळजी जाते, आणि काळजी गेली की तिच्याविषयीचे शब्द एका पिढीत नाहीसे होतात.

धाराशिव जिल्हा अशा शब्दसंग्रहासाठी विशेष अनुकूल आहे. १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ साली मुंबई राज्यात आला. त्यामुळे दखनीचा संपर्क येथे दीर्घकाळ राहिला. उमरग्याच्या बाजूस कन्नडभाषी प्रदेश लागून आहे. सनई-हलगीच्या ताफ्याची शब्दसंपत्ती आणि बँडातील वादकांची शब्दसंपत्ती यांचा तौलनिक संग्रह तुळजापूर, परंडा, कळंब व उमरगा या चार तालुक्यांतून पदव्युत्तर विद्यार्थ्यास करता येण्याजोगा आहे. पत्ती कशाची करतात, ती केव्हा कापतात, नव्या पत्तीस काय म्हणतात, चांगल्या पत्तीस काय म्हणतात, थकलेल्या पत्तीस काय म्हणतात आणि दोन पात्यांपैकी एक पुढे गेले तर त्या दोषास काय म्हणतात, एवढ्या सहा प्रश्नांपासून आरंभ करावा. उत्तरे नोंदविताना वादकास पत्ती हातात घेऊ द्यावी. पुष्कळसे शब्द प्रश्नाला उत्तर म्हणून येत नाहीत. काम चालू असतानाच ते तोंडी येतात.